पिन उलटी आहे

माळ्यावरून स्पेक्ट्रम प्लस हा जुना घरगुती कॉम्प्युटर काढला, तर अडॅप्टरवर बाबांच्या अक्षरातली चिकटपट्टी अजून शाबूत: ‘फक्त कॉम्प्युटरचा. रेडिओला लावू नये.’ १९८७ साली हे मशीन घरात आलं तेव्हा मी सहावीत होतो, आणि मला वाटायचं बाबा उगाच घाबरतात.

चालू केल्यावर पडद्यावर आडव्या लाटा, आणि दोन मिनिटांत आपोआप रीसेट. मी अडॅप्टर मोकळाच, म्हणजे मशीनला न लावता, मोजला: १३ व्होल्ट. लेबलावर ९! पण तो बिघाड नव्हे. आत ट्रान्सफॉर्मर, डायोड आणि एक मोठा कपॅसिटर, एवढंच, व्होल्टेज स्थिर ठेवणारा रेग्युलेटर नाही. लोड आला की व्होल्टेज उतरतं, आणि त्याचे नेमके ५ व्होल्ट करायचं काम मशीनच्या आतला ७८०५ हा रेग्युलेटर करतो. माझा कपॅसिटर वाळला होता. त्यामुळे लोडवर व्होल्टेज मधेमधे ७ च्याही खाली जायचं आणि ७८०५ हात टेकायचा.

नुसता कपॅसिटर बदलून भागलं असतं. पण वायर मानेजवळ तडकलेली, आणि आमच्या सोसायटीत रात्री मेन्स, म्हणजे घरातली वीज, २५० व्होल्टला टेकते. रेग्युलेटर नसल्यावर ते जास्तीचं व्होल्टेजही पुढेच जाणार. म्हटलं, नवाच घेऊ.

पुण्याच्या तापकीर गल्लीत ९ व्होल्ट, २ अँपिअरचा मिळाला. दुकानदार म्हणाला, “काका, बिनधास्त लावा, सगळ्याला चालतो.”

सगळ्याला नाही चालत! बहुतेक अडॅप्टरच्या पिनेत आत प्लस, बाहेर मायनस. स्पेक्ट्रमला बरोब्बर उलटं लागतं. तसाच खुपसला असता तर १२ आणि उणे ५ व्होल्ट तयार करणारा टीआर-४ ट्रान्झिस्टर आधी गेला असता. उणे ५ गायब आणि १२ चालू अशी अवस्था झाली, की खालच्या १६ के मेमरीच्या ४११६ चिपा मरायला लागतात. आठ आहेत त्या. (भाच्याच्या गिटार पेडलच्या अडॅप्टरची पिन नेमकी स्पेक्ट्रमसारखी निघाली, पण तो ५०० मिलिअँपिअरचा. त्याचा जीव केवढा!)

मग पिनेपासून वीतभर अंतरावर वायर कापली, दोन्ही तारा अदलाबदल करून झाळल्या. सांध्यावर चढवायची श्रिंक ट्यूब आधी ओवायची विसरलो, म्हणून सगळं सोडवून पुन्हा. लाल प्रोब पिनेच्या आत, काळा बाहेर. मीटरवर उणे ९.१. उणं चिन्ह बघून इतका आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

तरी लावताना हात थरथरलाच. पडदा काळा, मग पांढरा, आणि तळाशी सिंक्लेअर कंपनीची ती १९८२ ची कॉपीराइटची ओळ. लाटा नाहीत. अर्धा तास चालू ठेवला, रीसेट नाही.

बाबांची चिकटपट्टी हलक्या हाताने सोडवून नव्या अडॅप्टरवर लावली, खाली मी लिहिलं: ‘पिन उलटी आहे.’ आता कॅसेटवरून गेम लोड करायचे, तर टेपरेकॉर्डरचा पट्टा वितळून डांबर झालाय.