रेंज फुल्ल, नेट गुल

घरोघरची इंटरनेट लाईन बसवायचं आणि दुरुस्त करायचं माझं काम. ही कम्प्लेंट माझ्या नावावर आली तेव्हा त्या घराची ती सहावी होती. आधीच्या पाच जणांनी काय काय केलं ते तिकिटात, म्हणजे कम्प्लेंटच्या नोंदीत, लिहिलेलंच होतं. पहिल्याने पॅचकॉर्ड, म्हणजे राऊटरला येणारी फायबरची छोटी वायर, बदलली. दुसऱ्याने अ‍ॅडॅप्टर. तिसऱ्याने भिंतीवरच्या डबीतला फायबरचा जोड उघडून नव्याने केला. चौथ्याने आख्खा राऊटरच बदलला. पाचव्याने काहीच केलं नाही, स्पीड टेस्टचा फोटो जोडला आणि 'ओके' लिहून मोकळा झाला. माझं मत तेव्हा पाचव्याच्याच बाजूने होतं. काही घरांना कम्प्लेंट करायची सवयच असते, असं आमच्यातले सगळेच म्हणतात. मीही म्हणायचो.

निघण्याआधी फोन केला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "या, पण सातनंतर या. दुपारी येऊन काही उपयोग नाही. हे मी पाचही जणांना सांगितलंय."

आमची ड्यूटी सहाला संपते. म्हणजे त्यांचा बिघाड आणि आमचा माणूस यांची आजवर एकदाही गाठ पडलेली नव्हती. मी ती कम्प्लेंट मुद्दाम शेवटची ठेवली आणि साडेचारला पोचलो. मनात हिशोब असा की पाचपर्यंत बघून टाकू.

मॅडम घरून मुलांचे गणिताचे ऑनलाइन क्लास घेतात, संध्याकाळी सात ते नऊ. त्यांनी वहीचं एक पान माझ्या हातात दिलं. तीन रकाने आखलेले: तारीख, गेलं, आलं. ७.०५ ते १०.२०. ७.०० ते १०.४०. ७.१० ते १०.१५. रविवारी दुपारी १.३० ते ५, आणि परत रात्री. मध्ये दोन दिवसांपुढे नुसती रेघ, त्या दिवशी काहीच गेलं नव्हतं. इतकी नीट लिहिलेली कम्प्लेंट मी पहिल्यांदा पाहत होतो. आमच्या तिकिटावर मात्र याचं एका ओळीत भाषांतर झालं होतं: 'नेट स्लो'.

लाईन बघितली. फायबर काढून पॉवर मीटरला लावली: उणे १९.४ डीबीएम (प्रकाशाची ताकद यात मोजतात). घरगुती फायबरला साधारण उणे ८ ते उणे २७ च्या मधलं काहीही चालतं. आकडा दर ३ ने खाली गेला की प्रकाश निम्मा होतो, त्यामुळे उणे २५ च्या पुढे गेलं की आम्ही अस्वस्थ व्हायला लागतो. उणे १९.४ म्हणजे तब्येत ठणठणीत. तरी हिरव्या कनेक्टरचं तोंड पुसून घेतलं. आत प्रकाश जातो तो गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा, केसापेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे बोटाचा ठसासुद्धा त्याला पुरतो. पण इथे तसलं काही नव्हतं. तिसऱ्याने केलेला जोडही उत्तम होता.

फायबर काढण्याआधीच लॅपटॉपला केबल लावून १९२.१६८.१.१, म्हणजे राऊटरचं सेटिंगचं पान, उघडून बघितलं होतं. पांढरं पान, वर कंपनीची पट्टी. आत स्टेटसमध्ये सेशनचा, म्हणजे लाईन न तुटता चालल्याचा, वेळ होता: १९ दिवस, ४ तास. तिकीट उघडून तारीख ताडून पाहिली. चौथ्याने राऊटर बदलला त्याला बरोबर १९ दिवस झाले होते. म्हणजे बसवल्यापासून मी फायबर काढेपर्यंत लाईन एकदाही, एका सेकंदासाठीही तुटलेली नव्हती.

"मॅडम, तुम्ही मधे रिस्टार्ट केला होता का?"

"जुन्याला करून करून बोटं झिजली. कस्टमर केअरला फोन लावला की पहिलं वाक्य तेच, बंद करून चालू करा. ह्या नव्याला मी हातच लावलेला नाही."

इथे माझ्या डोक्यात दोन गोष्टी समोरासमोर उभ्या राहिल्या. राऊटर सांगतोय की मी १९ दिवस अखंड चालू आहे. मॅडमचं पान सांगतंय की रोज संध्याकाळी तीन तास नेट नाही. आणि खोटं दोघंही बोलत नव्हते.

त्या क्लास घेतात ती खोली आतली. राऊटर हॉलमध्ये, मधे दोन भिंती. तिथे फोनवर रेंज मोजली तर उणे ७१. हा आकडा शून्याच्या जितका जवळ, तितकी रेंज चांगली. चालेल, पण काठावर. मला हायसं वाटलं, कारण आता माझ्याकडे एक थिअरी तयार झाली. संध्याकाळी आजूबाजूचे लोक घरी येतात, सगळ्यांचे वायफाय जोरात चालतात, वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल म्हणजे १, ६ आणि ११, तिथे गर्दी होते आणि आधीच काठावर असलेला सिग्नल बुडतो. राऊटर ६ वर होता, मी तो ११ वर टाकला. पान सेव्ह केलं. स्पीड टेस्ट घेतली, छान आली. फोटोही काढला.

म्हणजे सहावा 'ओके' जवळजवळ लिहून झाला होता.

"आता बघा, जाणार नाही," मी बॅग आवरत म्हणालो.

"दादा, सात वाजेपर्यंत थांबा," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "गेलं नाही तर मी स्वतः तुमच्या ऑफिसला फोन करून कम्प्लेंट मागे घेते."

खरं सांगतो, मी थोडा चिडूनच थांबलो. आपण बरोबर आहोत हे दाखवायला थांबलो म्हटलं तरी चालेल. मधल्या वेळात त्यांचा मुलगा आला आणि सहज बोलून गेला की त्याच्या फोनचा दिवसाचा डेटा रोज रात्रीपर्यंत संपतो. घरी वायफाय असताना? मी विचारलं आणि सोडून दिलं. तिथेच धागा धरायला हवा होता. हल्लीच्या फोनला वायफायवर नेट नाही असं कळलं की तो गुपचूप मोबाईल डेटावर सरकतो, मालकाला पत्ताही लागत नाही. म्हणून घरात नेट 'जायचं' ते फक्त लॅपटॉपचं, आणि ओरडायच्या त्या एकट्या मॅडम.

सात वाजून चार मिनिटांनी शेजारच्या खोलीत टीव्ही लागला. बातम्यांचा आवाज भिंतीतून येत होता. मॅडम घड्याळाकडे बघत होत्या. आणखी दोनेक मिनिटं गेली, लॅपटॉपवरचा गोल फिरायला लागला आणि फिरतच राहिला. त्यांनी पेन उचलून पानावर ७.०६ लिहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

मी हॉलमध्ये पळालो. राऊटरवरचे सगळे दिवे हिरवे. केबल लावलेल्या माझ्या लॅपटॉपवर नेट धडधडीत चालू. परत आत आलो. त्यांच्या स्क्रीनवर वायफायचा पंखा पूर्ण भरलेला आणि खाली 'कनेक्टेड, नो इंटरनेट'.

"रेंज तर फुल्ल आहे," मी म्हणालो.

"संध्याकाळी असतेच फुल्ल. दिवसा दोन काड्या असतात."

हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मला समजायला दोन सेकंद लागले. फोन काढून मोजलं. उणे ३८. दोन तासांपूर्वी याच खुर्चीवर उणे ७१ होतं. राऊटर हललेला नाही, भिंती हललेल्या नाहीत. चॅनल बदलून रेंज अशी उडी मारत नाही. हॉलमधला राऊटर या खोलीत उणे ३८ देऊच शकत नव्हता.

त्यांच्या लॅपटॉपवर १९२.१६८.१.१ टाकलं. निळं पान उघडलं. जुन्या धाटणीचं, कोपऱ्यात दुसऱ्याच कंपनीचं चिन्ह. नंबर तोच, दारामागचं घर निराळं. अशा वेळी अंगावर काटा येतो. नेटवर्कवाल्यांनाच येतो, बाकीच्यांना हे वाचून हसू येईल. वायफाय मोजायचं अ‍ॅप उघडलं, तर यादीत त्यांच्या घराचं नाव दोनदा. मॅक अ‍ॅड्रेस, म्हणजे मशीनचे ओळख-क्रमांक, वेगवेगळे. एक ११ वर, मघाशी मी टाकलेला. दुसरा १ वर.

मग फोन हातात धरून त्या आकड्याच्या मागे चालत गेलो. दारापाशी उणे ३५. बाहेर पॅसेजमध्ये पडला, पुन्हा चढला. शेजारच्या खोलीत उणे २९. आजोबा, म्हणजे मॅडमचे सासरे, पलंगावर बसून बातम्या बघत होते. त्यांनी माझ्याकडे पाहून टीव्हीचा आवाज कमी केला. टीव्हीच्या कपाटाशी उणे २२.

कपाट जरा ओढलं. मागे एक एक्स्टेंशन बोर्ड, त्यात टीव्ही, सेटटॉप बॉक्स आणि तिसरी पिन. त्या पिनेच्या टोकाला, धुळीत, एक काळा जुना राऊटर. टेलिफोनच्या तारेवर चालायचा त्या जमान्यातला. दिवे लुकलुकत होते. मागचं तारेचं भोक रिकामं. बाहेरच्या जगाशी त्याचा काडीचा संबंध उरलेला नव्हता, पण वायफाय मात्र पूर्ण ताकदीने सोडत होता. कोणी जोडलं की त्याला मान देऊन आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ताही, देत होता. लॅपटॉप खूश. पुढे रस्ताच नाही, हे त्या बिचाऱ्याला नंतर कळायचं.

आजोबांनी टीव्ही लावायला बोर्डाचं बटण दाबलं की हाही उठायचा. उठायला त्याला दोन मिनिटं लागायची. टीव्ही बंद करून आजोबा झोपले की हाही झोपायचा. रविवारी दुपारी मॅच. आणि वहीतल्या त्या रेघा? मॅडम दारात उभ्या होत्या, त्यांनाच आठवलं: "ते दोन दिवस बाबा वन्सांकडे गेले होते."

पण नुसता जुना राऊटर चालू राहिला म्हणून असं होत नाही. त्याचं नाव वेगळं असतं तर लॅपटॉप त्याच्याकडे गेलाच नसता. इथे दोघांचं नाव एक, पासवर्ड एक. यंत्राच्या लेखी ते एकाच नेटवर्कचे दोन दरवाजे, आणि यंत्र जवळचा दरवाजा धरतं. आता नाव एकच का? तर ही आमची युक्ती. नवीन कनेक्शन बसवताना जुन्याच वायफायचं नाव आणि पासवर्ड नव्यात टाकायचे. घरातले फोन, टीव्ही, प्रिंटर सगळे आपोआप जोडले जातात, प्रत्येकापाशी बसून पासवर्ड टाकत बसावं लागत नाही, अर्धा तास वाचतो. नवीन पोरांना मी स्वतः ही युक्ती शिकवली आहे. चौथ्याने राऊटर बदलला तेव्हा त्यानेही इमानदारीत तेच नाव टाकलं, म्हणून बदलूनही काही फरक पडला नाही.

मी राऊटर उचलून उलटा केला. पाठीवर पांढरी चिकटपट्टी, त्यावर मार्करने लिहिलेलं:

'जुना. चालू आहे.'

अक्षर माझं होतं.

आठ महिन्यांपूर्वी या घरात फायबर मीच आणली होती. दिवसाला तीन-चार घरं करतो, लक्षात राहत नाही. पण 'ल' आणि 'ह' मी कसा काढतो ते मला ठाऊक आहे, आणि काढलेल्या मशीनवर 'चालू' किंवा 'बंद' लिहायची सवयही माझीच. स्टोअरमध्ये ढीग पडलेला असतो, कुठलं बरं आहे ते कळावं म्हणून. इथे मशीन ग्राहकाचं होतं. फेकू नका, कोणाच्या तरी कामाला येईल, असं काहीतरी सांगून मी निघालो असणार.

"हा इथे कोणी लावला?" मॅडमनी विचारलं.

"मी लावला," आजोबा म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी घराला रंग काढला, तेव्हा हॉलमधला टीव्ही कपाटासकट त्यांच्या खोलीत आला होता. कपाटात हाही होता. "रंगवाल्यांनी सगळ्या पिना उपसून ठेवल्या होत्या. मी एकेक बघून परत लावल्या. ह्याच्यावर लिहिलेलंच होतं की चालू आहे म्हणून. म्हटलं, चालू ठेवायचा असेल."

दोन महिने. वहीतलं पहिलं पान उघडून बघायची गरजही नव्हती.

मी पिन काढली. पलीकडच्या खोलीतून मॅडमचा आवाज आला, "आलं!" मग लगेच मुलांच्या एकदम बोलण्याचा गलका. त्या क्लासला बसल्या, आणि मी तिकीट बंद करायला बसलो. कारण निवडायच्या यादीत फायबर तुटली, अ‍ॅडॅप्टर खराब, पॉवर कमी, ग्राहकाचं उपकरण, असे पंधरा-वीस पर्याय आहेत. 'मी लिहिलेली पट्टी' असा नाही. 'इतर' निवडलं. शेऱ्यात मात्र सगळं लिहिलं, माझ्या नावासकट, आणि आधीच्या पाच जणांनाही पाठवलं. चौथ्याचा लगेच फोन आला. बराच वेळ हसत होता.

जाण्याआधी त्या जुन्याला क्षणभर पुन्हा वीज दिली आणि मागच्या बारीक भोकात टाचणी खुपसून दहा-पंधरा सेकंद दाबून धरली, सगळे दिवे एकदम लागून विझेपर्यंत. आता तो पुन्हा लावला तरी स्वतःच्या कारखान्यातल्या नावाने उठेल, या घराच्या नावाने नाही. मग पट्टी खरवडून काढायला लागलो.

आजोबा बघत होते. "का रे, बिघडला का तो?"

"नाही आजोबा. चालू आहे. पण लावायचा नाही."

"मग तसं लिही की," ते म्हणाले, आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

बॅगेतून मार्कर काढला आणि तसं लिहिलं.