आपणहून आलेला वास

ग्रीसमध्ये साध्या खानावळीत वाइन किलोवर मिळते. अर्धा किलो पांढरी, पाव किलो लाल, असं बिनधास्त सांगायचं, वाण्याकडे गूळ मागितल्यासारखं. मालक आत जातो आणि पत्र्याचा तांबूस जग भरून आणून टेबलावर ठेवतो. वजनकाटा कुठे दिसत नाही. किलो म्हणजे लिटर, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक.

आम्ही नाफ्प्लिओला होतो. ग्रीसच्या दक्षिणेला पेलोपोनीज नावाचं द्वीपकल्प आहे, तिथलं हे टुमदार बंदर. १८३४ साली अथेन्सला मान मिळाला, त्याआधी ग्रीसची राजधानी इथे होती. गावाच्या डोक्यावर पालामिदी नावाचा व्हेनिसवाल्यांचा किल्ला आहे आणि त्याला ९९९ पायऱ्या आहेत असं सांगतात. मराठी माणसाला गड दिसला की चढावाच लागतो, मग ऊन असो की गुडघे. उतरून आलो तेव्हा पोटऱ्या थरथरत होत्या आणि समोर दिसेल त्या सावलीत बसायची तयारी होती. नवरा बिअर म्हणत होता. मी अर्धा किलो पांढरी सांगितली, मुख्यतः 'अर्धा किलो' म्हणायची हौस म्हणून.

जग आला. मी अजून पर्स खुर्चीला अडकवत होते, तेवढ्यात गुलाबाचा वास आला. लग्नात अंगावर शिंपडतात त्या गुलाबपाण्याचा नव्हे. कुंपणावरच्या गावठी गुलाबाचा, जवळून कोणी गेलं की येतो तसा. मागोमाग लिंबाची साल. मी आजूबाजूला फुलं शोधली. खिडकीत होती ती जिरेनियमची, आणि ती लांब होती.

आमच्या घरी फुलं हुंगायला बंदी होती. सुट्टीत आजोळी गेलं की सकाळी परडी हातात मिळायची आणि पाठोपाठ दम: हुंगू नकोस गं, हुंगलेलं फूल देवाला चालत नाही. जास्वंद, तगर यांच्या बाबतीत काही वाटायचं नाही. पण अनंत! तो तोडताना मी श्वास रोखून धरायची, गाल फुगवून, आणि विहिरीपासून ओटीपर्यंत तशीच पळत यायची. प्राजक्ताचा तर सडाच पडलेला. खाली वाकलं की नाक वासातच. एकदा मी रडकुंडीला येऊन आजीला विचारलं, की मी नाही घेतला वास, तोच आला, मग? आजी सहाणेवर गंध उगाळत होती. हात न थांबवता म्हणाली, "आपणहून आला तर चालतो. आपण नाक घेऊन जायचं नाही."

या निकालाने माझं पुढचं आयुष्य सोपं झालं आणि वाइन पिणं अवघड. कारण वाइनचे जाणकार म्हणजे नाक घेऊन जाणारी जमात. पेला गरगर फिरवायचा, नाकपुड्यांसकट आत शिरायचं, डोळे मिटून 'ओला दगड' वगैरे म्हणायचं. मला ते बघवत नाही. अशा माणसांशेजारी बसले की मी मुद्दाम पापड मोडते.

या वाइनला असल्या कवायतीची गरज नव्हती. मालकाला विचारलं, तर म्हणाला, मोस्कोफिलेरो. हे द्राक्षाचं नाव. मग बोट डोंगराकडे करून, मान्तिनिया. दुसऱ्या दिवशी त्रिपोलीकडे (लिबियातलं नव्हे, इथलंच एक गाव) जाताना ते पठार लागलं. पेलोपोनीजच्याच आर्केडिया भागात, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटरवर, चहूकडे डोंगर. थेब्ज या प्राचीन ग्रीक नगराचा सेनापती एपामिनोंडास ख्रिस्तपूर्व ३६२ साली याच मैदानावरच्या लढाईत पडला. आता तिथे द्राक्षवेलींच्या ओळी आहेत. द्राक्षं पांढऱ्या वाइनची, पण सालीचा रंग करडा-गुलाबी, कांद्याच्या पातळ पाकळीतून ऊन यावं असा. रात्री गार असल्याने ती सावकाश पिकतात आणि आंबटपणा टिकून राहतो. गुलाबाला वास देणारं जिरॅनिऑल असतं ना, त्याच जातीची द्रव्यं या सालीत असतात. आमच्या नाशिकच्या मेव्हण्याला हे सांगितलं तर त्याने वासाबिसाकडे दुर्लक्ष करून फक्त विचारलं, तोडा कधी? ऑक्टोबरच्या सुमारास, म्हटल्यावर तो हसायलाच लागला. त्याची तेव्हा छाटणी चालू असते.

तर खानावळीत. सोबत तळलेले गावरोस आले. हे आपल्या मांदेलीचे भाऊबंद. पिठात घोळवून कुरकुरीत तळलेले, डोक्यासकट खायचे, वर लिंबू. वाइन हलकी, जेमतेम चढणारी, घोटागणिक तोंड स्वच्छ करणारी. वासावरून गोड वाटते आणि असते चक्क कोरडी. हा चकवा मला फार आवडला. नवऱ्याने बिअर विसरून पेल्यात बर्फाचे दोन खडे टाकले. मालकाच्या भुवया वर गेल्या. मी नवऱ्याची बाजू घेतली: जुने ग्रीक लोक वाइनमध्ये पाणी घालूनच पीत, निखळ पिणाऱ्याला रानटी समजत. मालक म्हणाला, ते लोक मेले. आणि जग पुन्हा भरून आणला.

आजीने काय निकाल दिला असता? वासाबद्दल तिची काही हरकत नसती. बाकीचा भाग सोडून देऊ.

येताना एक बाटली आणली आहे. ही वाइन ताजी असतानाच प्यायची, वर्षा-दोन वर्षांत. ठेवली की तिचा वास मावळत जातो. नवऱ्याला हे मी सांगितलेलं आहे. तरीही त्याने ती कपाटात वरच्या फळीवर ठेवली आहे, कोणीतरी येईल तेव्हा म्हणून. कोण येणार आहे, ते विचारलं की सांगत नाही.