राणीची साखर उतरत का नव्हती?

राणी आमची नऊ वर्षांची पॉमेरेनियन, वजन आठ किलो. मधुमेह निघाल्यावर दर बारा तासांनी इन्सुलिन सुरू झालं. ४ युनिटांपासून चढत चढत १३ वर गेलो, तरी साखर ४०० च्या खाली येईना. बाटली बदलली, मिलिलिटरला ४० युनिटांच्या बाटलीला ४० चीच, लाल टोपणाची सिरिंज आहे ना, हेही पाहिलं. रात्री तीनदा उठून फरशी पुसायची आणि आपलीच सुई चुकतेय म्हणून रडायचं, असे ते दिवस होते.

डॉक्टर म्हणाले, "किलोमागे दीड युनिटाच्या वर जाऊनही साखर हटत नाही, म्हणजे इन्सुलिनला काहीतरी आडवं येतंय." मग त्यांनी तिचं सुटलेलं पोट, दोन्ही कुशींवरचे विरळ केस, सततची धाप बघितली. वाढलं वय म्हणून मी ते सगळं सोडून दिलं होतं.

तपासणीला अख्खा दिवस गेला. सकाळी रक्त, लगेच डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचं अगदी लहान इंजेक्शन, मग चौथ्या आणि आठव्या तासाला पुन्हा रक्त. चौथ्या तासाला कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक दबलेलं, आठव्याला परत वर; निरोगी कुत्र्यात ते दबलेलंच राहतं. सोनोग्राफीत मूत्रपिंडांजवळच्या दोन्ही ॲड्रिनल ग्रंथी मोठ्या. निदान झालं पिट्युटरी ग्रंथीमुळे होणाऱ्या कुशिंगचं, म्हणजे शरीरात कॉर्टिसोल जास्त होण्याच्या आजाराचं.

मेंदूच्या बुडाशी असलेल्या त्या इवल्या ग्रंथीतल्या गाठीतून एसीटीएच हे संप्रेरक जास्त सुटत होतं. त्याच्या हुकुमावर ॲड्रिनल कॉर्टिसोल ओतत होत्या. कॉर्टिसोल यकृताला साखर बनवायला लावतं आणि स्नायूंना इन्सुलिनला दाद देऊ देत नाही.

पिट्युटरी आणि साखरेचं नातं अर्जेंटिनात, ब्यूनस आयर्समध्ये, शास्त्रज्ञ बर्नार्डो उसाय यांनी कुत्र्यांवरच दाखवलं होतं. इन्सुलिन बनवणारं स्वादुपिंड काढलेल्या कुत्र्याची पिट्युटरीही काढली, तर मधुमेह सौम्य होतो. १९४७ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. वाचताना त्या कुत्र्यांसाठी जीव तुटला.

ट्रायलोस्टेन जेवणासोबत सुरू केलं. ते कॉर्टिसोल बनू देत नाही, डोक्यातली गाठ मात्र तशीच राहते. कॉर्टिसोल उतरलं की तेच इन्सुलिन जास्त पडतं, म्हणून डॉक्टरांनी डोस आधीच कमी केला. तरी पाचव्या दिवशी राणी लटपटली. साखर ५२. हिरड्यांना मध चोळला आणि तशीच उचलून दवाखान्यात नेली.

आता ६ युनिटं पुरतात. ताट रिकामं झाल्याशिवाय मी सुई भरत नाही.