दुधाच्या दाढेत तुटलेली फाइल

आजीने एक्स-रेतल्या रेघेवर बोट ठेवलं. "मॅडम, हे पांढरं काय हाय?"

फाइलचं, म्हणजे मुळातली नळी घासून साफ करायच्या बारीक सुईचं, तुटलेलं टोक. साडेपाच वर्षांची नात, खालच्या डाव्या बाजूची दुसरी दुधाची दाढ, पुढच्या मुळाच्या अगदी तळाला साधारण तीन मिलिमीटरचा तुकडा. तालुक्याच्या डॉक्टरांनी रूट कॅनाल सुरू केलं, फाइल तुटली, आणि त्यांनी तसं चिठ्ठीत लिहून तिला माझ्याकडे पाठवलं. लपवलं नाही, हे मोठंच. पण फोनवर विचारल्यावर कळलं की फाइल मोठ्यांच्या दातांची होती, पंचवीस मिलिमीटर लांब, आणि बऱ्याच पेशंटना वापरून झालेली. तेव्हा मात्र मला राग आला.

लहान मुलाचं तोंड उघडून उघडून किती उघडणार? एवढी लांब फाइल हँडपीसला, म्हणजे ती फिरवणाऱ्या मशीनच्या दांड्याला, लावली की ती दाढेत सरळ जातच नाही, वाकून शिरते. दुधाच्या दाढेची मुळं आधीच बाहेरच्या बाजूला फाकलेली असतात, कारण त्यांच्या मधोमध खाली कायमच्या दाताचा कोंब असतो. त्या वळणात फाइल फिरते तेव्हा प्रत्येक फेऱ्यात धातू एका अंगाने ताणला जातो, दुसऱ्या अंगाने दबतो. हाताने चालवायच्या स्टीलच्या फाइलचे पीळ तुटण्याआधी उलगडतात, ते डोळ्यांना दिसतं. मशीनवर फिरणारी निकेल-टायटॅनियम या लवचीक मिश्रधातूची फाइल बहुतेक वेळा कसलीच चाहूल देत नाही. म्हणून ती किती वेळा वापरली याची नोंद ठेवावी लागते. फाइल महाग पडते हे मलाही ठाऊक आहे, पण ती बचत पोराच्या जबड्यातून करायची नसते.

मशीनवर चालणाऱ्या फाइलींच्या विरोधात मी मुळीच नाही. निकेल-टायटॅनियमच्या फाइली 1988 साली पुढे आल्या, दुधाच्या दातांत त्या वापरल्याचं 2000 सालच्या सुमारास छापून आलं. पुढे चेन्नईत खास दुधाच्या दातांसाठी सोळा मिलिमीटरची केडो-एस फाइल तयार झाली, आणि हे काम आपल्या देशात झालं याचा मला मनापासून अभिमान आहे. भूल उतरायच्या आणि पोराचा धीर सुटायच्या आत काम आटोपतं. पण वेळ वाचतो म्हणजे सफाई आपोआप होते, असं नाही. या दाढांच्या नळ्या परकराच्या नाडीसारख्या चपट्या असतात. गोल फिरणारी फाइल मधला भाग घासते, कडा तशाच राहतात. तिथे हायपोक्लोराइट या जंतुनाशक द्रावणानेच धुवावं लागतं, सावकाश, पुन्हा पुन्हा. दोन दिवसांच्या वर्कशॉपमध्ये मोटर विकली जाते, हे धुणं कोणी शिकवत नाही.

आजीचं म्हणणं सरळ होतं. "दुधाचीच दाढ, पडणारच हाय. काढून टाका की."

काढली असती तर मागून येणारी सहाव्या वर्षाची कायमची दाढ पुढे सरकली असती आणि खालच्या कोंबाची जागा गेली असती. ती दाढ अजून हिरडीखालीच होती, म्हणजे जागा राखायला हिरडीत पातं घुसवणारं उपकरण बसवावं लागलं असतं. सूज नव्हती, मुळांच्या मधलं हाड एक्स-रेत चांगलं दिसत होतं. दहा नंबरची के-फाइल, म्हणजे हाताने चालवायची अगदी बारीक फाइल, टोकाला वाकवून, हातानेच तुकड्याच्या बाजूने उतरवून पाहिली. जागा मिळाली नाही. अल्ट्रासॉनिकने, म्हणजे कंप पावणाऱ्या टोकाने, तुकडा काढायचा तर मुळाची आतली भिंत कोरावी लागते. ती पातळ, आणि पलीकडे कोंब. मी थांबले. बाकीच्या नळ्या साफ केल्या, ही तुकड्यापर्यंत साफ केली, मेटापेक्स ही विरघळणारी पेस्ट भरली, स्टीलची कॅप बसवली.

दुधाच्या दाताच्या मुळात जे भरायचं ते मुळाबरोबर विरघळणारं हवं, हा आमचा पहिला नियम. हा तुकडा विरघळणार नाही. मूळ झिजत तिथवर येण्याआधी दाढ काढावीच लागेल. पण तोवर सहाव्या वर्षाची दाढ वर आलेली असेल आणि तिला साधा बँड-लूप, म्हणजे कडं आणि तारेचा फास, लावून जागा राखता येईल. मी विकत घेतला तो एवढाच अवधी.

एका सर्जन मैत्रिणीचं मत वेगळं. "आई-बाप ऊसतोडीला जाणारे. फॉलो-अप कोण करणार? काढायची होतीस." तिचं म्हणणं मला झटकून टाकता येत नाही. पण ही माणसं परत येणार नाहीत असं आधीच धरून त्यांच्या मुलांची दाढ काढायची, तर मग आमच्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांची दुधाची दाढ काढूनच टाकावी लागेल. तेही मला पटत नाही.

आजीला सगळं समजावलं. एक्स-रेची प्रिंट दिली, मागे मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं: मुळात धातूचा तुकडा, दर तीन महिन्यांनी एक्स-रे, गाल सुजला तर वाट पाहू नये. सांगली-कोल्हापूरकडे टोळीबरोबर गेली तर तिथल्या डॉक्टरांना कळावं म्हणून. आजीने कागद पिशवीत ठेवला आणि तारीख दसऱ्याआधीची मागून घेतली, कारण त्यानंतर घरात कोण असेल ते तिलाही सांगता येत नव्हतं. त्या तारखेच्या एक्स-रेत मुळांच्या मध्ये काळपट, म्हणजे हाड झिजलेलं, दिसलं, तर मी त्याच दिवशी दाढ काढणार आहे.