जपानी 'न्'चा अपडेट: 'किन्-एन्' अखेर चार मोरांचं झालं

जमलं एकदाचं! फोनच्या जपानी डिक्टेशनला 'किन्-एन्' (धूम्रपानबंदी) म्हटलं आणि 'किनेन्' (स्मरण) न उमटता हवा तोच शब्द आला. तोही सुटा, वाक्याचा आधार नसताना. परत परत म्हणून पाहिलं, तरी तोच!

ही जोडी किती छळते ते तुम्हाला सांगायला नकोच. दोन्ही शब्द हेइबान (सूर कुठेच खाली न पडणारे), त्यामुळे पिच, म्हणजे सुराचा चढ-उतार, मदतीला येत नाही. फरक फक्त मोरांचा (मोरा म्हणजे उच्चाराच्या लांबीचं एकक, आपल्या मात्रेसारखं): कि-न्-ए-न् चार, कि-ने-न् तीन. आपली जीभ मात्र 'न्'पुढे स्वर आला की दोघांना जोडूनच टाकते. मध्ये थांबावं तर बोलणं तुटक होतं. 'न्' लांबवावा तर 'किन्नेन्' होतं, म्हणजे 'अलीकडची वर्षं', तिसराच शब्द.

गाठ सुटली ती प्रात (Praat) या आवाज तपासायच्या सॉफ्टवेअरमध्ये. जपानी माणसाच्या स्पेक्ट्रोग्राममध्ये (आवाजाच्या चित्रात) 'इ'पासून 'ए'पर्यंतचे पट्टे सलग वाहत जातात. माझ्यात मध्येच कापल्यासारखी उभी रेघ. म्हणजे स्वराआधीच्या 'न्'ला जीभ टाळूला टेकतच नाही, स्वरच नाकातून जातो. आणि हे तर मराठीत आहेच! सावकाश 'किंवा' म्हणा. 'किं'वर जिभेचं टोक कुठे टेकतं? कुठेच नाही. तोच 'किं' एक मोरा जास्त धरायचा आणि न तोडता 'ए'वर जायचं. शेवटचा 'न्'सुद्धा जिभेच्या टोकाने नाही, पार मागे घशाजवळ.

'तान्-इ' (क्रेडिट) आणि 'तानि' (दरी) त्यामानाने लवकर सुटले, तिथे आतामादाका (सूर पहिल्या मोरानंतर पडतो) आणि ओदाका (शेवटच्या मोरानंतर पडतो) हा फरक हाताशी असतो.

ओजॅड (OJAD) या जपानी पिचच्या ऑनलाइन कोशातल्या सुझुकी-कुनबद्दल, म्हणजे दिलेलं वाक्य पिचच्या रेषेसह वाचून दाखवणाऱ्या साधनाबद्दल, माझं मत: पिचची रेषा बघायला त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण आवाज कृत्रिम आहे. 'न्'साठी माणसाचंच रेकॉर्डिंग घ्या.

यापुढे नाकादाका (सूर शब्दाच्या मध्ये पडणारी) क्रियापदं घ्यायची असं मागच्या वेळी लिहिलं होतं. ती आता थांबतील. हात बसलाय तोवर गेन्-इन् (कारण), तेन्-इन् (दुकानातला कर्मचारी) आणि झेन्-इन् (सगळेजण) पक्के करते. 'फुन्-इकि' (वातावरण) सगळ्यात शेवटी. तिथे खुद्द जपानी लोकांच्या तोंडीही सर्रास 'फुइन्कि' येतं.

आणि हे आत्ता लिहिता लिहिता सुचलं: 'होन्-या'साठी (पुस्तकांचं दुकान) 'संयम'मधला 'सं' चालेल का? पुढे 'य'च आहे की! आज रात्री प्रातमध्ये दोन्ही एकाखाली एक लावून बघते.