अ‍ॅलिसनमध्ये पडलो

शनिवार, जानेवारी. रात्रीचे साडेदहा, पाठ पार गेलीय.

आज बुचोंनी (आमचे डिपार्टमेंट हेड) शेवटी कावानाच्या गोल्फ कोर्सवर नेलंच. जपानच्या इझू द्वीपकल्पावर, इतो शहराजवळ. माझं गोल्फ म्हणजे ड्रायव्हिंग रेंजवर जाळीत बॉल मारणं एवढंच, त्यामुळे स्कोअर लिहित नाही, लाज वाटते.

कोर्स म्हणजे गुळगुळीत हिरवा गालिचा असं डोक्यात होतं. इथे सपाट जागा शोधून सापडेना, अख्खं इझूच ज्वालामुखीचं, जमीन वर जाते, खाली येते, आणि वळलं की एकदम समुद्रच, पलीकडे ओशिमा बेट. मागे फुजी. थंडीत हवा कोरडी म्हणून इतका स्वच्छ दिसला की मी मारायचंच विसरलो आणि मागचे लोक खोळंबले. इथे दोन कोर्स आहेत, ओशिमा 1928 चा आणि आम्ही खेळलो तो फुजी 1936 चा. फुजी कोर्स आखला चार्ल्स अ‍ॅलिसन नावाच्या इंग्रजाने. हा माणूस 1930 च्या सुमारास जपानला आला, काही महिनेच राहिला आणि गेला, पण त्याने असे खोल, उंच ओठाचे बंकर (बॉल अडकवणारे वाळूचे खड्डे) आखून ठेवले की जपानी लोक तशा बंकरला सरळ 'अ‍ॅलिसन'च म्हणतात. आपण नाही का कुठल्याही फोटोकॉपीला झेरॉक्स म्हणत, तसं. मी एका अ‍ॅलिसनमध्ये चार फटके घालवले, आतून फक्त वाळू आणि आभाळ दिसत होतं आणि वरून बुचोंचं "गाम्बात्ते!" (लढ, जोर लाव!)

पंधराव्या होलच्या टीवर (पहिला फटका मारायची जागा) मात्र सगळे गप्प झाले. डाव्या हाताला कडा, खाली लाटा आपटतायत. माझा बॉल कुठे गेला ते सांगायला नको.

ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या हिरवळीवर, कोराई नावाचं गवत, बारीक आणि ताठ. त्याला लव असते, लवेबरोबर मारला तर बॉल पळतच सुटतो, उलट मारला तर मधेच बसतो, मांजराच्या पाठीवर उलटा हात फिरवल्यासारखं. डोळ्याला उतार उजवीकडे दिसत होता पण कॅडी बाई म्हणाल्या उजवीकडे मारा, लव समुद्राकडे आहे. ऐकलं नाही. चूक.

नऊ होल झाले की मधे व्यवस्थित बसून जेवायचं आणि मग उरलेले नऊ, ही जपानी पद्धत मला खेळापेक्षा जास्त आवडली खरं तर. शेवटी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसलो, तेव्हाही कानातून वाळू निघाली.

थंडीत कोराई सुकून गवती पिवळं पडतं, उन्हात इतकं सुंदर दिसत होतं, जानेवारीतल्या कोकणातल्या सड्यासारखं. आईला फोटो पाठवला. तिचा लगेच मेसेज, एवढे पैसे घेतात आणि गवताला पाणी घालत नाहीत का रे?