पाणी उतरलं आणि जमीन फाटली

सिंधुदुर्गातल्या एका लहान धरणाच्या काठावरच्या वाडीतून फोन आला, काजूच्या बागेत भेग पडलीय. पाऊस संपला होता. दरवाजाच्या दुरुस्तीसाठी तलाव घाईने रिकामा करणं चालू होतं. मी भूवैज्ञानिक, म्हणून मला पाठवलं.

भेग कमानदार होती, डोंगराकडे फुगीर. हात कोपरापर्यंत आत गेला. काजूची मुळं ताणून तुटलेली, तुटलेली टोकं अजून पांढरी. खालची जमीन वीतभर खचलेली. बागेचे मालक आजोबा म्हणाले, "मॅडम, तळी भरलेली होती तेवा कायेक झाला नाय. पाणी खाली गेला नि जमीन फाटली."

त्यांनी नेमकं कारण सांगितलं होतं. काठावर उतरून पाहिलं, तर वर जांभा आणि त्याखाली पिवळट शेडी, म्हणजे मऊ चिकणमाती, चिमटीत घेतली की साबणासारखी बुळबुळीत. तलाव भरतो तेव्हा पाणी उताराच्या पायथ्यात मुरतं, मातीची पकड ढिली करतं. पण तेच पाणी बाहेरून उताराला टेकूही देतं. तलाव भराभर उतरवला की टेकू जातो, शेडीत मुरलेलं पाणी मात्र लवकर निघत नाही. आतून दाब तसाच राहतो आणि उतार पुढे सरकू लागतो.

इटलीत वायोंत धरणाच्या वरचा डोंगर असाच पाण्याच्या चढउतारासोबत आधी हळूहळू सरकत होता. 9 ऑक्टोबर 1963 च्या रात्री पातळी उतरवणं चालू असतानाच सुमारे 27 कोटी घनमीटर दरड तलावात कोसळली. धरणाची भिंत टिकली, पण लाट तिच्यावरून गेली आणि खालच्या गावांतली सुमारे 2000 माणसं मेली. आपला तलाव त्यापुढे काहीच नाही, पण आपल्या भेगेखाली दोन घरं होती. त्या घरांतल्या माणसांना आकड्यांची तुलना ऐकवून काय उपयोग?

मी पाणी सोडणं तिथेच थांबवायला लावलं. कंत्राटदार दुरुस्तीची मुदत सांगत राहिला. माझ्या मते मुदत वाढवता येते. दोन्ही घरं त्याच संध्याकाळी शाळेत हलवली. भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट ठोकले आणि आजोबांच्या नातवाला रोज सकाळी टेप लावायला शिकवलं. पुढे पाणी दिवसाला वीतभरच उतरवलं. अंतर आधी थोडं वाढलं, मग थांबलं.

भेग बुजवून वरच्या अंगाला चर मारायचा प्रस्ताव मी त्याच आठवड्यात दिला. तो अजून मंजुरीत अडकलाय, आणि जूनमध्ये तलाव पुन्हा भरायला लागेल.